लष्कराचा ट्रेलर, होडीवाल्याचं छप्पर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या काजूच्या बागेत मार्चपासून मेपर्यंत रात्रीचं कुणीतरी राहावंच लागतं. बोंडं गळायला लागली की गवे येतात, डुकरं येतात, आणि बिया वेचायला दोन पायांची जनावरंही येतात. वडिलांच्या काळी त्यासाठी झावळ्यांची खोप असे. खाली सुकं गवत पसरून माणसं झोपत. २०१५ साली सत्तरीत माकडताप आला आणि ते बंद झालं. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो, गोचीड पाचोळ्यात असते, आणि तिचा जोर नेमका काजूच्या हंगामातच. तेव्हा जमिनीपासून उंच, चारी बाजूंनी बंद, आणि आज इथे तर उद्या वरच्या टोकाला नेता येईल अशी झोपायची जागा हवी होती.

बागेची वाट म्हणजे ओढा ओलांडून वर चढणारा चिऱ्याचा कातळ. माझी जुनी थार चढते. तिच्यामागे जे काही ओढायचं, ते एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना न पिळता आलं पाहिजे. ट्रॅक्टरची ट्रॉली तिथे एकदा आडवी झालेली आहे. बाजारात तयार मिळणारे कॅम्पर दिसायला सुरेख, पण ते डांबरी रस्त्यासाठी. मग लष्करी ट्रेलरचा विचार आला. तो या कामासाठीच बनवलेला असतो, आणि त्याच्यावर लिहिलेलं 'एक टन' हे खडबडीत जमिनीवरचं वजन असतं, गुळगुळीत रस्त्यावरचं नव्हे.

असा ट्रेलर मिळाला डिचोलीत, एका खाण कंत्राटदाराच्या आवारात. त्याने तो फार वर्षांपूर्वी लष्कराच्या लिलावातला माल विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून जनरेटर ठेवायला घेतला होता. खाणी २०१२ साली थांबल्या, मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला परत थांबल्या, आणि ट्रेलर माडाखाली उभा राहिला. एक अ‍ॅक्सल, ७.५०-१६ ची चाकं, आतून आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद पोलादी हौद, मागे खाली पडणारा फाळका, पुढे गाडीच्या हुकात अडकवायची तीन इंची जाड रिंग. लाल धूळ चासीच्या प्रत्येक सांध्यात भरलेली.

मी आधी कागद पाहिले, मग लोखंड. हा क्रम कुणी उलटा करू नये. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी लागते. लष्कराकडून आलेल्या वाहनाला आरटीओचा जुना नंबर नसतो, लष्कराचा असतो, बाणाचं चिन्ह असलेला. त्यामुळे पहिल्या नोंदणीला लष्करी अधिकाऱ्यांचा फॉर्म २१ मधला मूळ विक्री दाखला लागतो. हल्ली अशा मालाचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. दाखला व्यापाऱ्याकडेच राहिला आणि ट्रेलर तेवढा चार हात फिरला, तर तुम्ही घेताय ते भंगार. आमच्या कंत्राटदाराने सुदैवाने तेव्हाच रीतसर नोंदणी केलेली होती, जीए-०४ चं पुस्तक कपाटात होतं. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं.

दुसरा कागदी मुद्दा बदलाचा. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परिवहन खातं याबाबत कडक झालं आहे. म्हणून मी चासी, अ‍ॅक्सल आणि हौद यांच्या मापांना हातच लावायचा नाही असं ठरवलं. वरचं सगळं बोल्टवर, दोन माणसांनी उचलून बाजूला ठेवता येईल असं. तरीही आधी अर्ज दिला, रेखाचित्र जोडलं, शेवटी वजनकाट्याची पावतीही जोडली. वेल्डिंग त्यानंतर.

रंगाचं मात्र लगेच करावं लागलं. ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणाला लावता येत नाही. मोटार वाहन नियमांत तसा वेगळा नियमच आहे, १२१ वा. हौशी लोक नेमका तोच रंग लावून फोटो टाकतात. कंत्राटदाराने वरून पिवळा मारला होता, तो घासताना खालून हिरवा आणि त्याच्या खालून पांढरा बाण निघाला. घासणं तारेच्या कप-ब्रशने, तोंडावर चांगला मास्क लावून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. गंज वरून दिसतो त्यापेक्षा आतल्या पोकळ भागात जास्त होता. बंद पेटीसारख्या आडव्या तुळयांमध्ये खाणीची माती आणि पाणी वर्षानुवर्षं साठलेलं. तिथे खालून भोकं पाडून सगळं धुतलं, वाळवलं, मग इपॉक्सी प्रायमर. साधा रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, पण गोव्याच्या हवेत तो दोन पावसाळ्यांच्या वर विश्वासाचा नाही असं माझं मत. वरचा रंग फिका करडा घेतला. उन्हात कमी तापतो आणि चिखल लपवतो.

आता खरं काम. डिचोलीतले आमचे मेस्त, म्हणजे मिस्त्री, ट्रकचे पाटे (चाकांवरच्या कमानीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) आणि ब्रेक करतात. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मी काढलेला आराखडा पाहिला आणि म्हणाले, "हें जड जातलें." मला वाटलं थारला जड जाईल असं म्हणतायत. त्यांचं म्हणणं उलट होतं. ट्रेलर भक्कम आहे म्हणून माणूस त्यात भरत सुटतो, आणि ओढणारी गाडी तेवढीच राहते. वजनकाट्यावर रिकामा ट्रेलर ६२० किलो भरला. त्याच्यावर एक टन टाकायला परवानगी आहे, पण त्याचा उपयोग माझ्यासाठी शून्य, कारण माझी थारच पावणेदोन टनांच्या आसपास. चोर्ला घाट उतरताना मागून कोण कुणाला ढकलतंय हे महत्त्वाचं. ठरलं ते असं: पाणी, गॅस, अंथरूण धरून एकूण वजन ९५० च्या आत. म्हणजे मला साडेतीनशे किलोच्या आत पूर्ण घर बसवायचं होतं.

या एका आकड्याने पुढचे सगळे निर्णय घेतले. फ्रिज नाही. एसीचा प्रश्नच नाही. संडास नाही, बागेत आहे. प्लायवूडचा १२ मिलिमीटरचा एक आठ बाय चारचा तक्ता जवळपास २५ किलोचा होतो, हे डोक्यात बसलं की कपाटं काढण्याचा उत्साह आपोआप मावळतो.

पाट्यांचंही तसंच. एक टनासाठी केलेल्या कमानीवर साडेतीनशे किलो ठेवलं तर ती वाकतच नाही. रिकामा लष्करी ट्रेलर खड्ड्यावरून जाताना उडतो आणि जमिनीवर आपटतो तो त्यामुळे. हौदात असलेली प्रत्येक वस्तू खिळखिळी होते. प्रत्येक बाजूला नऊ पाटे होते. मेस्तांनी मधले तीन काढले. जवळपास सारख्या जाडीचे पाटे असले की ताठरपणा साधारण त्यांच्या संख्येच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो दोन तृतीयांशावर आला. पहिला आणि दुसरा पाटा हात न लावता ठेवायचा. पहिल्याच्या टोकाला डोळा असतो आणि तो तुटला तर दुसरा अ‍ॅक्सल धरून ठेवतो. यू-बोल्ट नवे, आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा आवळलेले. जोडीला शॉक अब्सॉर्बर बसवले, मुळात नव्हतेच. आणि सगळ्यांत स्वस्त स्प्रिंग म्हणजे टायर. माल भरलेल्या ट्रेलरला पन्नास हवा लागते, आम्ही कातळावर पंचवीस ठेवतो.

सामान कुठे बसवायचं हे कागदावर ठरवलं नाही. काहीही कापण्याआधी हौदात वाळूच्या गोण्या ठेवल्या. बॅटरीची एक, पाण्याच्या टाकीची एक, माणसांच्या दोन. मग पुढच्या रिंगेवर किती वजन येतं ते मोजलं. एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के नाकावर आलं पाहिजे. कमी आलं तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो, जास्त आलं तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढच्या चाकांची पकड जाते. मोठ्या वजनकाट्यावर इतका बारीक फरक कळत नाही, पण घरातला माणसांचा काटा चालतो. फळीच्या एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली काटा, दोघांत तीन फूट. ट्रेलरचं नाक विटेपासून एक फुटावर टेकवायचं आणि काट्यावरचा आकडा तीनने गुणायचा. गोण्या पुढे-मागे सरकवत आम्ही नव्वदच्या आसपास आलो तेव्हाच खडूने खुणा केल्या. पाण्याची साठ लिटरची टाकी अ‍ॅक्सलच्या जरा पुढे आली, म्हणजे पाणी संपत जातं तसा तोल फारसा बिघडत नाही.

ब्रेक हा लष्करी ट्रेलरचा मला सगळ्यांत आवडलेला भाग. गाडीने ब्रेक मारला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांडा आत सरकतो आणि सळीने ट्रेलरचे ब्रेक ओढले जातात. वीज नाही, हवेची टाकी नाही. आमचा दांडा गंजून बसला होता. तो काढून लेथवर घासला, ग्रीसची निपलं नवी, ड्रम फिरवून घेतले, लायनर नवे बसवले. मागे घेताना याच रेट्याने ब्रेक लागतात, म्हणून एक खिटी पाडून दांडा अडवावा लागतो. ती खिटी पाडायला गाडीतून उतरायचं. पाऊस असला तरी उतरायचं. रिंग-हुकाची जोडी बदलून बॉल कपलिंग बसवा असं बरेच जण सांगत होते, आवाज कमी होतो. मी नाही बदललं. रिंग हुकात कुठल्याही अंगाला वळू शकते, आणि कातळावर ट्रेलर एका कुशीवर गेला तरी गाडीला पिळत नाही. खडखड होते ती होते.

छप्पर कुठून करावं यावर सर्वांत जास्त वाद झाला. कोल्हापूरला बस-बॉडीवाले आहेत, त्यांच्याकडे चौकोनी नळ्यांचा सांगाडा आणि वरून पत्रा असा सरळ मामला. हिशेब काढला तर तो दोनशे किलोच्या जवळ जात होता. मग वाटलं, आपण गोव्यात राहतो, इथे हलकं आणि पाण्याला न घाबरणारं काय बनतं? होड्या. झुवारीच्या काठी मासेमारीच्या फायबर होड्या बांधणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्याने आजवर घराचं काही केलं नव्हतं आणि त्यामुळेच त्याला मजा वाटली. प्लायवूडवर सनमायका लावून उलटा साचा, त्यावर मेण, मग जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), काचेच्या मॅटचे थर, मध्ये १२ मिलिमीटरचा फोम, आतून पुन्हा मॅट. तीन फूट उंच भिंती आणि छत मिळून एकच तुकडा, सांधा कुठेही नाही. वजन नव्वदच्या आत. काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं, कारण दमट हवेत हे थर धरून ठेवणारं रेझिन नीट सुकत नाही, आणि होडीवाला जूनमध्ये रेझिनच्या पिंपाला हात लावत नाही.

हौदाच्या काठावर हे छप्पर कसं बसवायचं यावर मी सिलिकॉन, रबर, दुहेरी सील असा बराच विचार करून गेलो होतो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "उदक भितर येतलेंच. तें भायर खंयच्यान वतलें?" पाणी आत येणारच, ते बाहेर कुठून जाणार? त्याच्या धंद्यात हा पहिला प्रश्न असतो. मग छप्पर डब्याच्या झाकणासारखं हौदाच्या बाहेरून दोन इंच खाली उतरवलं, मध्ये रबराची पट्टी, आणि हौदाच्या चारी कोपऱ्यांत बूच लावलेली भोकं. बोल्ट स्टेनलेसचे, पण स्टेनलेस आणि साधं पोलाद खाऱ्या हवेत एकमेकांना लागलं की पोलाद खायला सुरुवात होते, म्हणून प्रत्येक बोल्टखाली नायलॉनची चकती. भोकांना आतून इपॉक्सी.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण आतल्या ओलीचं मोठं कारण आपण स्वतः. दोन माणसं बंद जागेत झोपली की सकाळी भिंतींवर पाणी. फोम असल्याने फायबर थंड पडत नाही, तेवढा फायदा. बाकी काम दोन जाळ्यांचं: एक खाली डाव्या अंगाला, एक वर उजव्या अंगाला, वरच्यात छोटा पंखा. जाळी बारीक, डासांसाठीही आणि गोचिडीसाठीही. गादीखाली फळीऐवजी पट्ट्या ठेवल्या, नाहीतर बुरशी खालून चढते.

आत फार काही नाही. सव्वासहा फूट लांब, चार फूट रुंद बिछाना, उरलेल्या फूटभरात खण. स्वयंपाक बाहेर, मागच्या फाळक्यावर. तो साखळ्यांवर आडवा राहतो आणि ओट्याच्या उंचीवर येतो. पाच किलोचा सिलिंडर बाहेरच्या पेटीत, पेटीला तळाशी भोकं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. बागेत सुका पाचोळा असतो म्हणून शेगडी पेटवण्याआधी खराटा मारतो.

विजेत सगळं जुनं काढलं. ट्रेलरचे दिवे २४ व्होल्टचे होते, थार १२ ची. नवे एलईडी, सात पिनांचा सॉकेट, आणि अर्थिंगची तार स्वतंत्र. रिंग आणि हुक यांच्यातून अर्थिंग मिळतं यावर विसंबलं की प्रत्येक धक्क्याला मागचे दिवे लुकलुकतात. घरात इन्व्हर्टरला लावतो तशी ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते; शंभर अँपियरतासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बारा-तेरा किलोत मिळते. महाग आहे. पण इथे मी प्रत्येक किलोला पैसे मोजत होतो. सोलर पॅनेल छतावर बसवलं नाही. काजूच्या झाडाखाली छतावर ऊन कुठलं? ते सुटं ठेवलं आहे, लांब जाड केबलवर, जिथे उजेड पडेल तिथे दगडाला टेकवून.

पहिली मोठी चाचणी चोर्ल्याची. चढताना तिसऱ्या गिअरची सवय होते, मागे रांग लागली तर बाजूला थांबायचं. उतरताना मध्येच थांबून दोन्ही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांना, हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच कोमट, म्हणजे दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे धरतायत. एक गरम आणि एक थंड असेल तर पुढे जायचं नाही. मागे घेणं मात्र सावकाश शिकावं लागतं. आखूड ट्रेलर लांबपेक्षा कठीण. स्टेअरिंग जरा हलवलं की तो काटकोनात वळून उभा.

ओढ्याबद्दल एक सांगतो, कारण हे कुठल्याच गॅरेजात आपणहून सांगत नाहीत. लांबून आलेल्या ट्रेलरचे हब तापलेले असतात. ते तसेच थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही कळत नाही, पुढच्या वर्षी बेअरिंग आवाज करायला लागतं. म्हणून ओढ्याच्या अलीकडे थांबून चहा करायचा, मग पाण्यात उतरायचं. हंगाम संपला की बेअरिंग उघडून ग्रीस बदलायचं.

लोक विचारतात, समुद्रावर कधी नेणार? नेणार नाही. गोव्यात पुळणीवर गाडी नेता येत नाही, आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर २०१९ पासून दंड आहे, आणि तो दंड मला योग्यच वाटतो. आमच्या बागेच्या वर म्हादई अभयारण्याची हद्द लागते, तिथेही परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. हंगाम सोडून बाहेर न्यायचा तर तिळारीच्या बाजूला ओळखीच्या माणसाच्या शेतात, किंवा आंबोलीला. बायकोचं म्हणणं, एवढा खर्च करून शेवटी परत शेतातच झोपायचं. खर्चाचा हिशेब सांगायचा तर ट्रेलरपेक्षा छप्पर महाग पडलं, आणि छपरापेक्षा किरकोळ म्हणून धरलेलं सामान.

सध्या तो शेडमध्ये आहे, अ‍ॅक्सल स्टँडवर, चाकं जमिनीपासून वर, दोन्ही जाळ्या उघड्या, कोपऱ्यांतली बुचं काढलेली. काढलेले सहा पाटे मेस्तांनी जपून ठेवलेत. पुढच्या हंगामाआधी डाव्या बाजूला गुंडाळता येणारी ताडपत्री बसवायची आहे. मेस्त म्हणतात नळ्या लोखंडी घाल, होडीवाला म्हणतो फायबरच्या देतो. वजन मोजून ठरवू.